सोसणें आणि सोसावयास लावणें

दुःख ही ईश्वराची देणगी आहे असें आजाऱ्याच्या उशाशीं बसून सांगणारे गृहस्थ बहुधा प्रकृतीनें ठणठणीत असतात. आमच्या ख्रिस्ती समाजांत हा वर्ग मोठा आहे. देव ज्यावर प्रीति करतो त्याचीच परीक्षा पाहतो, वेदना ‘अर्पण’ करावी, आपापला क्रूस निमूटपणें वाहावा, हीं त्यांचीं ठराविक वाक्यें. तीं आपण शुभवर्तमानांतून घेतलीं आहेत असें त्यांना प्रामाणिकपणें वाटतें. आमचें म्हणणें असें कीं, या मंडळींनीं शुभवर्तमान रोज ऐकलें असेल, पण त्याचें मनन केलेलें नाहीं.

रोजच्या मिस्सेंत कोणता उतारा वाचावा याचा क्रम १९६९ सालीं नव्यानें ठरला. त्या क्रमानें जानेवारींत सामान्य काळ सुरू झाला कीं मार्काचें शुभवर्तमान लागतें. पहिल्याच आठवड्यांत बुधवारीं शिमोनाच्या सासूचा ताप उतरतो, गुरुवारीं कुष्ठरोगी शुद्ध होतो, आणि शुक्रवारीं छप्पर उसकटून खालीं सोडलेला पक्षाघाती आपली बाज उचलून घरीं जातो. यांपैकीं एकालाही येशूनें सोसण्यांतच तुझें कल्याण आहे असें सांगितलेलें नाहीं. चारही शुभवर्तमानें चाळलीं तरी रोग्याला रोग जपून ठेवण्याचा उपदेश कोठें सांपडावयाचा नाहीं.

दुःखाचें कारण विचारणाऱ्यांनाही तेथें सोयीस्कर उत्तर मिळत नाहीं. जन्मांध मनुष्य पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसें मेलीं, तीं इतरांहून अधिक पापी नव्हतीं असेंही तो बजावतो. इतकें स्पष्ट असतांही घरांत एखादें मूल अपंग जन्मलें कीं कोणाचें पाप फळलें ही कुजबुज आमच्याकडे चालतेच. पूर्वजन्माचा हिशेब आम्ही बाप्तिस्म्याबरोबर सोडला म्हणतों. खतावणी मात्र जपून ठेवली आहे!

आतां क्रूसाविषयीं. शिष्यानें आपला क्रूस उचलावा एवढेंच मत्तय व मार्क सांगतात. ‘दररोज’ हा शब्द लूकचा, आणि भाविक घरांतून त्यावरच भर असतो. असो. परंतु उचलावयाचा तो आपला, आणि आपण होऊन. येशूखेरीज दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर त्याचा क्रूस चढविल्याचा प्रसंग शुभवर्तमानांत एकच आहे. शेतावरून येणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला वेठीस धरून तो त्याच्यावर लादला गेला, आणि लादणारे रोमन शिपाई होते. दारुड्या नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या स्त्रीला ‘हा तुझा क्रूस, बाई’ असें म्हणून परत त्याच घरीं धाडणारा धर्मोपदेशक किंवा वडीलधारा मनुष्य त्या शिपायांच्या रांगेंत उभा असतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें तिला संरक्षणाचा हुकूम मागतां येतो, राहत्या घरावरील हक्क सांगतां येतो. हें तिला समजावून देण्यांत कोणत्या आज्ञेचा भंग होतो? गेथशेमानेंत खुद्द येशूनेंही प्याला टळावा अशीच प्रार्थना प्रथम केली होती.

वेदनाशामकांची गोष्ट तीच. मरणोन्मुख कर्करोग्याला मॉर्फीन दिलें तर त्याचें ‘अर्पण’ अपुरें राहील, अशी धास्ती घेणारे भाविक आम्हांस भेटले आहेत. त्यांची शंका पोप बारावे पायस यांनीं १९५७ सालींच फेडली होती: आयुष्य कांहींसें कमी होण्याचा संभव असला तरी वेदना शमविण्यासाठीं असें औषध देण्यास हरकत नाहीं. आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें हें औषध रुग्णालयांना दुर्मिळ केलें, आणि २०१४ सालच्या दुरुस्तीनें वाट थोडी मोकळी झाली. सरकार इतकें हललें. आमचे सांत्वनकार अजून जागचे हलत नाहींत.

मग दुःखाला अर्थच नाहीं काय? येथें बुद्धिवादी मित्र टाळीसाठीं हात पुढें करतील. तो आम्हांला धरतां येत नाहीं. अंथरुणाला खिळलेली एखादी आजी मंगळवारीं व शुक्रवारीं रोझरींतील दुःखाचीं रहस्यें जपतांना आपलें दुखणें ख्रिस्ताच्या यातनांत मिसळते आणि त्यांतून तिला बळ येतें. तें भ्रम म्हणून उडवून लावणें हा शुद्ध उद्धटपणा होय. अर्थ आहे, पण तो प्रथमपुरुषी आहे. पौल कलस्सैकरांना आपल्या यातनांचा आनंद कळवितो तेव्हां तो स्वतः बंदिवासांत आहे आणि स्वतःविषयींच लिहितो. फादर डेमियन १८७३ सालीं मोलोकाईच्या कुष्ठवसाहतींत गेले, ते दुःखाचें माहात्म्य सांगावयास नव्हे. त्यांनीं जखमा बांधल्या, घरें उभारलीं, शवपेट्या ठोकल्या. पुढें तोच रोग जडून १८८९ सालीं ते वारले. त्या रोगाला अर्थ देण्याचा अधिकार त्यांचा होता. तोच अर्थ होनोलुलूंतील कोणा निरोग्यानें पत्रानें कळविला असता तर ती क्रूर थट्टा झाली असती.

१९८१ सालीं गोळी लागून मरणाच्या दारांतून परतलेले पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९८४ सालीं दुःखाच्या अर्थावर एक विस्तृत पत्र लिहिलें. त्यांतील दुःखाच्या तारक सामर्थ्याचा भाग आमच्या प्रवचनांतून वारंवार ऐकूं येतो. समारोपापूर्वींचें प्रकरण मात्र बहुधा गळतें. तें दयाळू शोमरोन्याविषयीं आहे. वाटेंत पडलेल्या जखमी माणसाला त्यानें दुःखाचा अर्थ सांगितला नाहीं. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें, आणि दुसऱ्या दिवशीं मालकाच्या हातीं दोन दीनार ठेवून, अधिक खर्च झाल्यास परततांना देईन असें त्याला सांगितलें.