तोंडवळा

माझी पुतणी मुंबईला चित्रकला शिकते. गेल्या दिवाळीच्या सुटीत ती आली ती बगलेत कागदांची गुंडाळी घेऊनच. ओसरीवर तिने ती उलगडली आणि वहिनींनी कपाळाला हात लावला. सात कागद, आणि साती कागदांवर पोरीचेच तोंड! एकावर काजळी फासल्यासारखे, दुसऱ्यावर नाक एकीकडे आणि रंग भलतीकडे, सातव्यावर तर डोळे शोधावे लागत होते.

"भावोजी, तुम्हीच सांगा, ह्या भुतासाठी एवढी फी भरायची का?"

अर्थ लावणे हा मराठी शिकवणाऱ्याच्या पोटापाण्याचा धंदा. तरी मी सावधपणे आधी कृती विचारली. ती निघाली आमच्या गल्लीतल्या लग्नपत्रिकांचीच! चौकटीवर तलम कापड ताणायचे, उजेडाने घट्ट होणारा लेप त्यावर द्यायचा, वर फोटोची पारदर्शक फिल्म ठेवून प्रखर दिवा लावायचा. फोटोतल्या काळ्या भागाखालचा लेप तेवढा मऊ राहतो व पाण्याने धुऊन जातो. मग रबरी पट्टीने शाई ओढली की उघड्या छिद्रांतून चेहरा कागदावर उतरतो.

ह्या बाजारी युक्तीला अमेरिकेच्या अँडी वॉरहॉलने चित्रशाळेत मानाचे पान दिले. १९६३-६४ च्या सुमारास, नाणे टाकून फोटो काढणाऱ्या यंत्रातल्या फोटोंवरून त्याने स्वतःची चित्रे छापली. आपण यंत्र व्हावे, असे हा गृहस्थ म्हणे. (तसे आमचे काही विद्यार्थी मला समजतातच.) पण यंत्रामागे लपणे सोपे नसते. ३ जून १९६८ रोजी त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तो जेमतेम वाचला. १९८६ साली त्याने पुन्हा आपला चेहरा छापला. काळ्याभोर पार्श्वभूमीवर नुसते शिर. मान नाही, खांदे नाहीत. टोपाचे केस ताठ उभे आणि नजर समोर खिळलेली. पुढच्याच वर्षी, २२ फेब्रुवारीला, शस्त्रक्रियेनंतर तो गेला. वय अवघे ५८. ती चित्रे पाहताना, यंत्र व्हायला निघालेला हा माणूस किती भ्यालेला असेल, असे माझ्या मनात येते.

हे सारे मी वहिनींना रंगवून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले एवढेच.

"मूळ फोटो दाखव बघू," मी पुतणीला म्हणालो.

तिने मोबाइल पुढे केला. हात लांब करून तिनेच काढलेला फोटो. खळखळून हसते आहे, आणि कडेला कुणाचा तरी खांदा. चौकड्यांचा सदरा मी लगेच ओळखला. माझ्या बंधूंना जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते.

मी सातवा कागद पुन्हा हातात घेतला. तिचा चेहरा विरून गेलेला. कडेचा खांदा मात्र गडद, एकेक चौकडा मोजून घ्यावा.

"त्या बाजूला पट्टी दाबून ओढली, काका," ती हळूच म्हणाली. "बाकी शाई भरलीच नाही."

वहिनींनी माझ्या हातून कागद घेतला. पदराने हात पुसून एकदा त्या चौकड्यांवरून बोट फिरवले.

"हा इथं राहू दे," त्या म्हणाल्या. "बाकीचे तू मुंबईला ने."