एका ओळीचा ठराव

13 मे 2023 रोजी कर्नाटक विधानसभेचा निकाल लागला आणि 224 पैकी 135 जागा काँग्रेसच्या पदरात पडल्या. बीदर आणि कलबुर्गी या सीमेवरच्या दोन जिल्ह्यांनी मिळून पंधरा आमदार दिले, त्यांतले नऊ काँग्रेसचे. राज्य कोणाच्या हाती द्यायचे हे मतदारांनी एका दिवसात सांगून टाकले होते. मुख्यमंत्री कोण, हे कळायला मात्र 18 मे उजाडला.

मधल्या दिवसांत काय घडले? 14 मेच्या संध्याकाळी बंगळुरूत काँग्रेस आमदारांची बैठक बसली. दिल्लीने पाठवलेल्या तीन निरीक्षकांत सोलापूरचे सुशीलकुमार शिंदेही होते. सिद्धरामय्या की शिवकुमार, यावर आमदारांची गुप्त मते घेण्यात आली. त्याच बैठकीत एका ओळीचा ठराव झाला: नेता निवडण्याचा अधिकार पक्षाध्यक्षांना. गुप्त मतांचे आकडे पक्षाने अधिकृतपणे आजवर सांगितलेले नाहीत. भालकीच्या, चित्तापूरच्या, आळंदच्या आमदाराने कोणाचे नाव लिहिले, हे त्याच्या मतदारांना आजही ठाऊक नाही.

अधिकार ज्यांना मिळाला ते मल्लिकार्जुन खर्गे याच मातीतले. जन्म भालकी तालुक्यातल्या वरवट्टीचा, सारी राजकीय हयात कलबुर्गीची. 2019 साली कलबुर्गीच्याच मतदारांनी त्यांना 95 हजारांहून अधिक मतांनी पाडले. पुढच्या वर्षी ते राज्यसभेत गेले आणि 2022 मध्ये पक्षाध्यक्ष झाले. तेव्हा मतदारांनी ज्यांना घरी बसवले, त्यांनी चार वर्षांनी त्याच मतदारांचा मुख्यमंत्री ठरवला. खर्ग्यांच्या योग्यतेबद्दल आमची तक्रार नाही. 1999, 2004 आणि 2013 अशा तीन वेळा मुख्यमंत्रिपदाने त्यांनाही हुलकावणी दिली आहे. ‘आम्ही आमचा नेता निवडला’ असे जे आपण सहज बोलून जातो, त्यात ‘आम्ही’ कोण, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

घटनेच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. मतदार आमदार निवडतो. कलम 164 प्रमाणे राज्यपाल मुख्यमंत्र्याची नेमणूक करतो आणि मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते. मतदानयंत्रावर मुख्यमंत्र्याचे बटण नसते, ते हेतुपुरस्सरच ठेवलेले नाही. घटनेचा मसुदा मांडताना 4 नोव्हेंबर 1948 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकी पद्धत आणि संसदीय पद्धत यांची तुलना केली होती. एकीत स्थैर्य अधिक, दुसरीत जबाबदारी अधिक. आपण जबाबदारी पसंत केली, कारण संसदीय पद्धतीत सरकारचा हिशेब रोजच्या रोज घेता येतो. हा रोजचा हिशेब घेणार कोण? सभागृहात बसलेला आमदार. सारी पद्धत त्याच्या खांद्यावर उभी आहे. त्याने आपला अधिकार एका ओळीत लिहून दिला, तर मतदार आणि मुख्यमंत्री यांच्यामधला एकुलता एक दुवाच निखळतो.

हा रोग आजचा नाही आणि एका पक्षाचाही नाही. कलबुर्गी जिल्ह्यातल्या चिंचोळीचे वीरेंद्र पाटील प्रदेशाध्यक्ष असताना 1989 मध्ये काँग्रेसने 178 जागा जिंकल्या आणि ते मुख्यमंत्री झाले. वर्ष सरले नाही तोच, ऑक्टोबर 1990 मध्ये, राजीव गांधींनी बंगळुरूच्या विमानतळावर नेताबदल जाहीर करून टाकला. पाटील आजारी होते, राज्यात दंगली उसळल्या होत्या. बदलाला कारणच नव्हते असे कोणी म्हणणार नाही. पण मुख्यमंत्री जाणार हे विमानतळावर आधी ठरले आणि नवा नेता निवडायला आमदार त्यानंतर बसले. ज्यांना 178 जागांनी बसवले, त्यांना उठवायला एक घोषणा पुरली.

कलबुर्गी जिल्ह्यातल्याच जेवर्गीची गोष्ट याच्या उलट. 2004 मध्ये काँग्रेस 132 वरून 65 जागांवर आली, म्हणजे मतदारांनी तिला स्पष्ट शब्दांत नाकारले. भाजपला 79, जनता दल (सेक्युलर)ला 58. बहुमत कोणालाच नाही. मग वाटाघाटी झाल्या आणि हरलेल्या काँग्रेसचे, जेवर्गीचे आमदार धरमसिंग मुख्यमंत्री झाले. जेवर्गीत गुलाल उधळला गेला असेल. पण मत देताना आपण मुख्यमंत्री निवडत आहोत हे जेवर्गीकरांच्या स्वप्नातही नव्हते. वीस महिन्यांनी जनता दलाच्या कुमारस्वामींनी भाजपशी सोयरीक जुळवली आणि धरमसिंग गेले. 2008 मध्ये त्याच जेवर्गीने त्यांना अवघ्या 70 मतांनी पाडले; पुढच्याच वर्षी ते बीदरमधून लोकसभेवर गेले.

हे दोन अपवाद समजू नयेत. 1989 पासून 2018 पर्यंत कर्नाटकात सात विधानसभा निवडल्या गेल्या. त्यांपैकी 1999 आणि 2013 या दोनच विधानसभांत पहिल्या दिवशी शपथ घेतलेला मुख्यमंत्री शेवटपर्यंत टिकला. 1989, 2004, 2008 आणि 2018 या चार वेळा एकाच कौलावर प्रत्येकी तीन माणसे त्या खुर्चीत बसली. 2018 मध्ये तर 37 आमदारांच्या पक्षाचा नेता चौदा महिने मुख्यमंत्री होता, आणि त्याचे सरकार पडण्यापूर्वी राजीनामे दिलेले आमदार मुंबईच्या हॉटेलात मुक्कामाला होते.

बसवकल्याणच्या मराठी मतदाराला तर हा अनुभव ताजा आहे. तिथल्या पोटनिवडणुकीच्या तोंडावर, नोव्हेंबर 2020 मध्ये, मुख्यमंत्री येडियुरप्पांनी मराठा विकास प्राधिकरणाची घोषणा केली. 17 एप्रिल 2021 ला करोनाच्या लाटेत मतदान झाले, 2 मेला भाजपचा उमेदवार निवडून आला. 26 जुलैला येडियुरप्पांनी राजीनामा दिला आणि 28 जुलैला बसवराज बोम्मईंनी शपथ घेतली. ज्याच्या शब्दावर बसवकल्याणने मत दिले, तो निकालानंतर तीन महिनेही खुर्चीवर राहिला नाही.

मग मुख्यमंत्री थेट जनतेनेच का निवडू नये? बीदर जिल्ह्यातल्या औरादच्या पारावर हा प्रश्न हमखास निघतो, कारण सीमेपलीकडचे उदाहरण डोळ्यांपुढे असते. उदगीर, देवणीकडच्या गावांत सरपंच थेट मतदानाने निवडला जातो. महाराष्ट्राने ही पद्धत 2017 मध्ये आणली, 2020 मध्ये मोडली आणि 2022 मध्ये पुन्हा आणली. सीमेच्या अलीकडे ग्रामपंचायतीचा अध्यक्ष सदस्य निवडतात. थेट निवडीत सोय आहे तशी गोचीही आहे: सरपंच एका गटाचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या गटाचे असले, की गावाचा गाडा अडतो. इस्रायलने पंतप्रधानाची थेट निवडणूक 1996, 1999 आणि 2001 अशी तीनदा घेऊन पाहिली आणि सोडून दिली. पंतप्रधान थेट निवडता येतो म्हटल्यावर लोकांनी संसदेसाठी छोट्या पक्षांना मते वाटली आणि सरकार चालवणे आणखी अवघड झाले. तेव्हा पद्धत बदलण्याचा आग्रह आमचा नाही. आहे ती पद्धत प्रामाणिकपणे चालवा, एवढेच म्हणणे आहे.

त्यासाठी घटनादुरुस्तीचीही गरज नाही. विधिमंडळ पक्षाने नेता निवडावा आणि कोणाला किती मते पडली ते त्याच रात्री जाहीर करावे. हे अशक्य नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये काँग्रेसने अध्यक्ष निवडताना खर्ग्यांना 7,897 आणि शशी थरूर यांना 1,072 मते पडल्याचे साऱ्या देशाला सांगितले होते. जो पक्ष अध्यक्षपदाची मते मोजून दाखवतो, त्याने 135 आमदारांची मते पेटीत का ठेवावीत? नेता बदलायचा असेल तर त्याच आमदारांनी, त्याच रीतीने, कारण सांगून बदलावा. भाजपलाही हाच नियम लागू. येडियुरप्पांच्या जागी बोम्मई येताना आमदारांचा एकमुखी होकार दिसला, पण नाव कुठून आले होते हे कोणाला सांगावे लागले नाही.

आणि मुख्यमंत्रिपदाच्या वाटणीचा करार असेल तर तो मतदारांपुढे ठेवावा. 2020 च्या दुरुस्तीने कर्नाटकातल्या ग्रामपंचायत अध्यक्षाची मुदत तीस महिने केली. कायद्यात लिहिलेले आहे, गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बंगळुरूतल्या अडीच वर्षांच्या वाटणीची मात्र 2023 पासून नुसती कुजबुज होती. 2025 च्या जूनअखेर पत्रकारांनी विचारले तेव्हा खुद्द खर्गे म्हणाले, की हे हायकमांडच्या हाती आहे आणि हायकमांडच्या मनात काय चालले आहे ते इथे कोणी सांगू शकत नाही. पक्षाध्यक्षालाही जे सांगता येत नाही, ते औरादच्या शेतकऱ्याने कुठून ओळखावे?

मतदाराच्या हाती एक गोष्ट उरते: नाकारणे. जेवर्गीने 70 मतांनी आणि कलबुर्गीने 95 हजारांनी ती वापरून दाखवली. पण नाकारायला पाच वर्षे थांबावे लागते. प्रश्न विचारायला थांबावे लागत नाही. पुढच्या वेळी उमेदवार हात जोडून दारी येईल तेव्हा रस्ता, पाणी, मराठी शाळा यांच्याबरोबर आणखी एक विचारून घ्यावे: आमचे मत तुम्ही मागता आहात, तुमचे मत तुम्ही कोणाला देणार, आणि ते आम्हाला सांगणार की नाही?