बरोबर कोण होतं?



गेल्या डिसेंबरात मी डोंबिवलीहून माळशेज घाटमार्गे जुन्नरला जाऊन आले. गाडी स्वतः चालवली, एक रात्र मुक्काम केला. आमच्या गटाच्या बैठकीत हे सांगितले तेव्हा पहिला प्रश्न आला, "एकटीच गेलीस?" मी म्हटले, "नाही, बंड्या होता ना." बंड्या म्हणजे माझा कुत्रा. आई अल्सेशियन, बाप आमच्या गल्लीतला, वजन 38 किलो. "हां, मग ठीक आहे," असे म्हणून सगळ्या चहाकडे वळल्या.

विचारणाऱ्या मैत्रिणी वीस-वीस वर्षे चळवळीत काम केलेल्या. मारहाण झालेल्या बाईबरोबर रात्री-अपरात्री पोलीस ठाण्यात जाऊन बसलेल्या. बाई एकटी गेली म्हटल्यावर त्यांनाही काळजी वाटली, आणि कुत्रा होता म्हटल्यावर ती मिटली. खरे सांगायचे तर निघताना मलाही असेच वाटले होते. या "मग ठीक आहे" बद्दल मला लिहायचे आहे.

पहाटे साडेपाचला निघाले. पत्रीपूल, शहाड, म्हारळ मागे टाकून रायते, गोवेलीपर्यंत पोहोचले तेव्हा उजाडत होते. मुरबाडच्या पुढे सरळगावला चहासाठी थांबले. याच रस्त्यावर दोन वर्षांपूर्वी मी एकटी थांबले होते, तेव्हा टपरीवरच्या बाकांवरून विचारणा झाली होती, "कुठून आलात? मिस्टर मागून येतायत का?" विचारणारे वाईट नव्हते. पण मी उत्तर दिल्याशिवाय माझा चहा पुढे सरकेना. या वेळी बंड्या पायाशी बसला होता. मिस्टर कुठे आहेत हे कोणीही विचारले नाही. सगळे प्रश्न त्याच्याविषयी. चावतो का? खातो काय? महिन्याला खर्च किती? मी आयुष्यात पहिल्यांदा हमरस्त्यावरच्या टपरीवर अर्धा तास आरामात बसले. दुसरा चहा मागवला. काहीही न करता डोंगराकडे बघत बसले. एवढी साधी गोष्ट, पण तिचा आनंद मला अजून आठवतो.

डोंबिवली-कल्याणच्या बायका घराबाहेर पडत नाहीत असे कोणी म्हणणार नाही. सकाळी फलाटावर उभे राहून बघा. 1992 साली पश्चिम रेल्वेवर आणि पाठोपाठ मध्य रेल्वेवर कल्याणहून महिला विशेष लोकल सुरू झाली, ती आपली गर्दी मावेना म्हणून. पण त्या प्रवासाला कारण असते. नोकरी असते, पास असतो, परत यायची वेळ ठरलेली असते. कारण असले की बाईला वाट मिळते. कारण नसताना, नुसते फिरायला, रस्ता बघायला बाई निघाली की तिच्याकडे खुलासा मागितला जातो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या वावराचा अभ्यास करून 2011 साली 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे हेच की बाईला सार्वजनिक जागी आपण कामासाठी आलो आहोत, आपण घरंदाज आहोत, असे सतत दाखवत राहावे लागते. विनाकारण रेंगाळण्याचा हक्क तिला नाही. पुरुष नाक्यावर तासन् तास उभा राहतो, त्याला कोणी विचारत नाही.

सरळगावला मला जे मिळाले ते या हक्कासारखे दिसत होते, पण हक्क नव्हता. ती बंड्याच्या दातांची कृपा होती. मंगळसूत्र, बरोबरचा भाऊ, मांडीवरचे मूल जे काम करतात तेच काम तो करत होता. ही बाई कोणाच्या तरी राखणीत आहे, असे बघणाऱ्याला सांगत होता. फरक इतकाच की तो मला कुठे वळायचे ते सांगत नव्हता आणि घरी जाऊन तक्रार करणार नव्हता.

जुन्नरच्या बाजूला राहायची खोली शोधतानाचा अनुभव ऐका. फोनवर मी आधीच सांगितले की कुत्रा आहे. दोन ठिकाणी कुत्र्याला नाही म्हणाले, ते मी समजू शकते. तिसऱ्या ठिकाणी कुत्रा चालेल म्हणाले. त्याचे लसीचे कार्ड आणा, तीनशे रुपये जास्त पडतील. मी खूश. मग विचारले, "आणि मॅडम, बरोबर कोण?" कोणी नाही म्हटल्यावर, "मग मिस्टरांच्या आधार कार्डाची झेरॉक्स तरी आणा." सज्ञान बाईने एकटीने खोली घेण्यास कुठल्याही कायद्याची मनाई नाही. स्वतःचे ओळखपत्र दाखवले की पुरे. पण बंड्याला त्याच्या स्वतःच्या कागदावर प्रवेश मिळाला आणि मला नवऱ्याच्या कागदावर. मी वाद घातला, खोली मिळाली. पन्नाशीच्या, शिकल्या-सवरल्या, वाद घालायची सवय असलेल्या बाईला मिळाली. पंचविशीच्या मुलीला मिळाली असती का?

त्या रात्री आणखी एक गंमत झाली. जुन्नर तालुका बिबट्यांचा. उसाच्या शेतांत त्यांची वस्ती आहे. माणिकडोहला वनखात्याचे बिबट निवारा केंद्र आहे. बिबट्याला सर्वांत सोपे भक्ष्य म्हणजे कुत्रा. मालकांनी बजावून ठेवले होते, अंधारात कुत्र्याला बाहेर सोडू नका. अकरा वाजता बंड्या दाराशी कुं कुं करू लागला. करणार काय? एका हातात दोरी, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि तोंडाने मोठमोठ्याने बोलत मी त्याला अंगणात नेऊन आणले. ज्याच्या भरवशावर मी घराबाहेर पडले होते त्याची राखण मी करत होते. तेव्हा मला भीती वाटली नाही, कारण काम माझ्यावर पडले होते. आपल्यातल्या कितीतरी जणींचा हाच अनुभव असेल. दुसऱ्याला सांभाळायचे असते तेव्हा आपण धीट असतो. स्वतःपुरते निघायचे असते तेव्हाच सोबत शोधतो.

इथपर्यंतचे मी बैठकीतही सांगितले. पुढचे सांगितले नव्हते.

परतताना टोकावड्याच्या अलीकडे मी बंड्याला पाणी पाजायला थांबले. रस्त्याच्या कडेला दहा-बारा वर्षांची एक मुलगी पाटीत बोरे घेऊन बसली होती. जवळच्या ठाकरवाडीतली असावी. बंड्या उतरला आणि तिच्याकडे बघून एकदाच भुंकला. दोरी माझ्या हातात होती. तो काही करणार नव्हता, हे मला माहीत होते. तिला कसे माहीत असणार? ती पाटी टाकून रस्त्यावर धावली. समोरून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून मी आज हा लेख लिहू शकते. बोरे रस्त्यावर पसरली होती. मी माफी मागितली, बोरांचे पैसे दिले. तिने पैसे घेतले, पण गाडी निघेपर्यंत ती झाडामागून बाहेर आली नाही.

सरळगावला ज्या दातांनी मला मोकळीक दिली, त्याच दातांनी या मुलीचा रस्ता काढून घेतला. तोही तिचा रोजचा, पोटापाण्याचा. मोठ्या कुत्र्याच्या जोरावर मिळणारी सुरक्षितता कोणाच्या तरी भीतीतून येते आणि ती भीती बहुधा आपल्याहून दुबळ्याच्या वाट्याला जाते. ठाण्या-कल्याणच्या बंगल्यांवर "कुत्र्यापासून सावध राहा" अशा पाट्या असतात. त्या चोरासाठी म्हणतात. पण रोज त्या फाटकातून आत जाते घरकाम करणारी बाई, आणि बाहेर कचरा वेचते ती बाई. चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि लगेच इस्पितळ गाठायचे. रेबीजची लस सरकारी इस्पितळात मिळते, पण एका इंजेक्शनने भागत नाही, ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा जावे लागते. ते खाडे कोणाच्या पगारातून कापले जातात? घरकामगारांच्या मागण्यांमध्ये हा मुद्दा यायला हवा. कुत्रा पाळणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो आधी मांडायला हवा.

त्याच रस्त्यावर मला धनगरांचा वाडा भेटला. वाडा म्हणजे मेंढरे, घोडी, कुत्री आणि माणसे यांचा चालता संसार. दसरा-दिवाळीनंतर नगर-पुण्याकडचे धनगर घाट उतरून कोकणपट्टीत येतात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. रात्री शेतात मेंढरे बसवायची, लेंड्यांचे खत शेतकऱ्याला, बदल्यात धान्य किंवा पैसे. मोठा कुत्रा घेऊन लांबचा प्रवास ही हल्ली मोटारवाल्यांची हौस झाली आहे. पण या बायका आणि त्यांच्या आज्या-पणज्या तो दरसाल पायी करत आल्या आहेत. घोडीवर बिऱ्हाड लादलेले, त्यावर कोंबडी आणि लहान मूल, आणि बाई पुढे.

तशी एक बाई थांबली. बंड्याला निरखून तिने विचारले, "मेंढरं राखतं का ह्ये?" मी म्हटले, नाही. "मंग काय राखतं?" मला उत्तर देता आले नाही.

तिच्या कुत्र्याचे काम स्पष्ट होते, लांडग्यापासून मेंढरू वाचवायचे. पण म्हणून ती मुक्त आहे असे मी म्हणणार नाही. वर्षातले सहा-आठ महिने रस्त्यावर असलेली ही बाई रोज नव्या जागी तीन दगड मांडते, पाणी शोधते, भाकऱ्या थापते आणि त्यातली भाकरी कुत्र्यालाही घालते. पुढचा मुक्काम कुठे हे मात्र पुरुष ठरवतात. आपल्या सहलींचे तरी वेगळे काय आहे? कुटुंबाच्या गाडीत कुत्रा "साहेबांचा" असतो. मागच्या सीटवर त्याचे डोके मांडीवर घेऊन, डबा, पाणी आणि ओकारीची पिशवी सांभाळत बाई बसते. कुठे थांबायचे ते चालवणारा ठरवतो.

कल्याणहून निघणारा हा रस्ता नगरला जातो. 2024 साली त्या शहराचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई होळकर धनगराच्या लेकी, 1725 साली चौंडीला जन्मलेल्या. त्यांनी देशभर वाटसरूंसाठी धर्मशाळा, विहिरी, घाट बांधले. नाव देऊन झाले, आता त्या रस्त्यावर बाई वाटसरूला काय मिळते ते पाहू. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह मोफत असायला हवे असा नियम आहे. मी थांबले त्या पंपावर बाईचे स्वच्छतागृह कुलूपबंद होते, किल्ली आत ऑफिसात. किल्ली आणायला जाताना बंड्याची दोरी कोणाच्या हाती देऊ? गाडीत बंद ठेवता येत नाही. बंद काचांच्या गाडीत उन्हाने काही मिनिटांत भट्टी होते, आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो गुदमरून मरू शकतो. शेवटी त्याला घेऊनच आत गेले. हसायला येईल, पण लहान मूल घेऊन एकटी निघालेल्या आईचीही अडचण हीच असते.

कुत्रा घेऊन निघणाऱ्या मैत्रिणींना दोन गोष्टी अनुभवाने सांगते. निघण्याआधी तीन-चार तास जेवण देऊ नका. दर दोन तासांनी थांबा आणि पाणी पाजा. दार उघडण्याआधी दोरी हातात घ्या. लसीचे कार्ड जवळ ठेवा. आणि माणसे, विशेषतः मुले दिसली तर दूर जाऊन थांबा. ही शेवटची गोष्ट मी उशिरा शिकले.

मी बंड्याला घेऊन जाऊ नका असे म्हणत नाही. त्याच्या सोबतीचा आनंद खराच आहे. पण त्याला आपल्या हक्काच्या जागी बसवू नका. दिव्याच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी बाई 38 किलोचा कुत्रा कुठून आणेल? तिनेही कधीतरी घाट बघावा असे वाटत असेल तर उघडी स्वच्छतागृहे, दिवे असलेले थांबे, संध्याकाळनंतरची एस.टी. आणि नवऱ्याचा कागद न मागणारी खोली हव्या. त्या मागण्या आपल्यालाच करायच्या आहेत.

बंड्या आता नऊ वर्षांचा झाला आहे. गाडीत चढताना त्याला मागून आधार द्यावा लागतो. पुढच्या खेपेला त्याला शेजारणीकडे ठेवून जायचे मी ठरवले आहे आणि या विचाराने पोटात गोळा येतो, हेही कबूल करते. म्हणून गटापुढे प्रस्ताव ठेवते. येत्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी आपण चौघी-पाचजणी घरडा सर्कलहून पहाटे साडेपाचला निघू. कुत्रा नाही, पुरुष नाही, आणि काही कामही नाही. वाटेत टपऱ्यांवर बसू, पंपांवर किल्ली मागू, लॉजवर प्रत्येकीने एकेकटीने खोली विचारू आणि काय उत्तर मिळते ते लिहून आणू. सरळगावला दुसरा चहा मात्र मी पाजीन.