एसएमपीएस घेताना नुसता वॅटचा आकडा बघू नका!



आजकाल बऱ्याच शिक्षकांच्या घरी जुना डेस्कटॉप फक्त साठवणुकीसाठी ठेवलेला असतो. त्यात तीन-चार हार्ड डिस्क, आणि मशीन दिवसरात्र चालू. शाळेचे फोटो, मुलांच्या वाचनाचे व्हिडिओ, आपण केलेल्या पीडीएफ, घरची लग्नं-बारशी सगळं त्यातच. एक दिवस ते मशीन चालूच होत नाही. मेकॅनिक सांगतो, "एसएमपीएस गेला." मग दुकानात आपण विचारतो, "साडेचारशे वॅटचा केवढ्याला?" माझ्या मते इथेच आपलं चुकतं.

आधी गरज किती ते बघू. गणित पाचवी-सहावीच्या मुलालाही जमेल असं आहे. वॅट = व्होल्ट × अँपिअर. ३.५ इंची हार्ड डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर घेते, म्हणजे २४ वॅट. चार डिस्क एकदम सुरू झाल्या तर ९६ वॅट. बोर्ड आणि प्रोसेसरचे ७० वॅट धरले तरी एकूण १६६. एकदा फिरायला लागली की तीच डिस्क ५ ते ८ वॅटवर भागवते. म्हणजे वेगळं ग्राफिक कार्ड नसेल, तर ३०० ते ४५० वॅटचा चांगला एसएमपीएस भरपूर झाला. ७५० वॅटचा घेणं म्हणजे दोघांच्या भाताला लग्नातलं पातेलं!

मग बघायचं काय?

१) लेबलवरचा १२ व्होल्टचा रकाना. डिस्कची मोटर याच लाइनवर चालते. स्वस्त मालात खोक्यावर मोठा आकडा असतो, पण या रकान्यात अँपिअर कमी असतात.

२) कार्यक्षमता. समजा मशीनला ५० वॅट लागतात. ८५ टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून सुमारे ५९ वॅट ओढेल, ७० टक्क्यांचा ७१. फरक १२ वॅटचा. पण चोवीस तास, तीस दिवस धरले तर महिन्याला साडेआठ युनिट जास्त. '८० प्लस'चा शिक्का म्हणूनच बघावा. मात्र तो कार्यक्षमतेचा शिक्का आहे, टिकाऊपणाचा नाही. त्यासाठी वॉरंटी किती वर्षांची ते विचारा.

३) केबल. सुटणाऱ्या केबलचा एसएमपीएस असेल तर जुन्या केबल नव्याला अजिबात लावू नका. डिस्ककडचं टोक सारखंच असतं, पण एसएमपीएसकडच्या पिनांची रचना कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही बदलते. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क जळालीच म्हणून समजा. डिस्क जास्त म्हणून स्वस्त जोडण्या लावत बसण्यापेक्षा पुरेसे साटा कनेक्टर असलेलाच घ्या.

काही जण म्हणतील, "नुसतं साठवायचं मशीन, त्याला कशाला एवढा खर्च?" मला उलट वाटतं. दोन तास वापरून बंद होणाऱ्या कॉम्प्युटरपेक्षा याचीच ड्युटी मोठी आहे. एसएमपीएस बिघडताना व्होल्टेज वाढलं, तर तो चारही डिस्क एका झटक्यात घेऊन जाऊ शकतो. डिस्क बाजारात परत मिळते. पहिलीतल्या मुलाने पहिल्यांदा वाचलेल्या वाक्याचा व्हिडिओ परत मिळत नाही.

आपल्या गावात लाइट येते-जाते, त्यामुळे यूपीएस आणि नीट अर्थिंगही हवंच. आणि कितीही चांगला एसएमपीएस घेतला तरी तो बॅकअप नव्हे. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, त्या मशीनपासून काढून ठेवलेली असावी.

पालकांनो, जुना एसएमपीएस टाकून देण्याआधी मुलांना त्याचं लेबल वाचायला द्या. मात्र तो उघडू देऊ नका. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहू शकतो. व्होल्ट, अँपिअर, वॅट हे शब्द पुस्तकात पाठ करण्यापेक्षा तिथे पटकन समजतात.