कर्जत कोणतं?

महाराष्ट्रात कर्जत नावाचे तालुके दोन आहेत. एक रायगडातला, माथेरानच्या पायथ्याचा, भाताचा. दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यातला, पर्जन्यछायेतला, ज्वारीचा. मुंबईहून लोकलनं निघालेला आणि नगरहून एसटीनं निघालेला, दोघंही आपापल्या कर्जतला बरोबर पोचतात. संगणकाला मात्र कर्जत कोणतं ते सांगावं लागतं, आणि ते सांगायचं असतं हे संशोधकाला आधी कुणीतरी शिकवावं लागतं.

गेल्या महिन्यात मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आम्ही दोन दिवसांचं शिबिर घेतलं. संशोधनाची आकडेवारी कशी सांभाळायची आणि तिच्यावर चालणारा प्रोग्राम नीट कसा लिहायचा, एवढाच विषय. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक बाई लॅपटॉप घेऊन आल्या. कृषी अर्थशास्त्र हा विषय, तासिका तत्त्वावर नोकरी, घरी दोन लहान मुलं. चार तालुक्यांतल्या ज्वारी उत्पादकांची पाहणी त्यांनी गावोगाव स्वतः फिरून केली होती. आणि त्यांचं समीकरण सांगत होतं, की पाऊस जितका जास्त तितकी ज्वारी कमी. गाईडचं म्हणणं, पाहणीतच गडबड असणार, पुन्हा करा. तीन महिने त्या त्याच आकड्यांकडे बघत बसल्या होत्या.

आम्ही एक्सेलची फाईल उघडली आणि ओळीओळीनं खाली आलो. कर्जतच्या शेतकऱ्यांपुढे वर्षाचा पाऊस होता तीन हजार मिलिमीटरच्या वर. बाईंनी पाहणी केली होती नगरकडच्या कर्जतमध्ये. पावसाचा तक्ता त्यांनी दुसरीकडून घेतलेला, आणि तो कोकण विभागापासून सुरू होत होता. व्हीलुकअपला त्यांनी ‘कर्जत’ शोधायला सांगितलं. हे सूत्र पहिली जुळणी सापडली की तिथंच थांबतं. त्याला आधी भेटलं ते रायगडचं कर्जत. कोकणातला पाऊस असा ज्वारीच्या रानात पडला.

“सर, म्हणजे माझी पाहणी बरोबर होती?” हे विचारताना त्यांचा आवाज कापत होता. तो प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

खेड पुणे जिल्ह्यात आहे तसं रत्नागिरीतही आहे. मालेगाव नाशिकला आहे, वाशिमलाही आहे. कळंब धाराशिवात आणि यवतमाळात. त्यात ही नावं रोमन लिपीत लिहिली की एकेका गावाची तीन-तीन स्पेलिंगं होतात. म्हणून दोन तक्ते जोडायचे ते नावावर जोडायचे नाहीत, संकेतांकावर जोडायचे. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. हे शिकवायला अर्धा तास पुरतो. बाईंना तो अर्धा तास कुणी दिला नव्हता, आणि त्यापायी त्यांचे तीन महिने गेले. पाहणी पुन्हा केली असती तर वर्ष गेलं असतं.

अशी चूक फक्त आडगावच्या महाविद्यालयात होते असं कुणी समजू नये. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या हार्वर्डशी जोडलेल्या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली मांडलं, की सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की वाढीचा वेग कोसळतो. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लावणाऱ्यांनी या निबंधाचा आधार घेतला. पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गातला स्वाध्याय म्हणून एखाद्या प्रसिद्ध निबंधातलं गणित पुन्हा करून बघायचं होतं. त्याला ते जमेना. त्यानं लेखकांकडे मूळ एक्सेल फाईल मागितली. सरासरीच्या सूत्रातून पाच ओळी सुटल्या होत्या आणि वर्णानुक्रमातले पहिले पाच देश, ऑस्ट्रेलियापासून डेन्मार्कपर्यंत, बाहेर राहिले होते. इतरही आक्षेप होते: काही वर्षं वगळली होती, देशांना भार देण्याची पद्धत खटकणारी होती. सगळं दुरुस्त केल्यावर ९० टक्क्यांवर कर्ज असताना होणारी सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्याच्या जागी अधिक २.२ टक्के आली. हे २०१३ साली उघड झालं.

या गोष्टीत मला चुकीपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की लेखकांकडे ती फाईल होती आणि त्यांनी ती दिली. आपल्याकडच्या पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या प्रबंधातला तक्ता क्रमांक १४ कुठून आला हे विचारून बघा. शोधगंगेवर प्रबंधाची पीडीएफ मिळेल. मागची आकडेवारी मात्र बहुधा बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये नाहीतर हरवलेल्या पेन ड्राइव्हमध्ये असते.

विद्यार्थी निष्काळजी आहेत म्हणून हे होतं, असं मी मानत नाही. आपण जे विचारतो ते ते सांभाळतात. दुसऱ्यांच्या लेखनाशी साधर्म्य १० टक्क्यांच्या आत आहे ना, हे आपण विचारतो, म्हणून ते वाक्यं पुन्हा पुन्हा फिरवून लिहितात. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ साली पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला संशोधन आणि प्रकाशन नैतिकतेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. तो हवाच होता. पण नैतिकता म्हणजे फक्त उचलेगिरी न करणं नव्हे. आपला आकडा दुसऱ्याला तपासता येईल असा ठेवणं हाही नीतीचाच भाग आहे, आणि तो सक्तीनंच शिकवायला हवा.

शिकवायचं कसं, हे जगानं शोधून ठेवलंय. १९९८ साली ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत ‘सॉफ्टवेअर कारपेंट्री’ सुरू केली. तिची पुढची दोन दिवसांची शिबिरं जगभर चालतात. त्यांत स्लाइड नसतात म्हटलं तरी चालेल. शिकवणारा सगळ्यांसमोर टाइप करतो, समोरचे त्याच्याबरोबर टाइप करतात. तो चुकतो, आणि ती चूक कशी शोधायची हेही समोरच दिसतं. अडलं की लॅपटॉपच्या पाठीवर रंगीत चिठ्ठी चिकटवायची, मदतनीस येऊन शेजारी बसतो. हात वर करायला लाजणाऱ्या आपल्या मुलांसाठी ती चिठ्ठी मोलाची आहे. धडे मोफत आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मुळे लिनक्स, पायथनसारख्या गोष्टी मराठीतून ऐकतही शिकता येतात. साधनं आहेत, पण ती वापरायला वेळापत्रकात दोन दिवस मोकळे नाहीत.

शिबिरात मला एक गोष्ट सापडली ती सांगतो. गिट म्हणजे काय, हे मी आधी पुस्तकी पद्धतीनं सांगायचो आणि चेहरे कोरे राहायचे. या वेळी मी फळ्यावर सातबारा काढला. उताऱ्यावरचं नाव बदललं तर तलाठी जुनं नाव खोडरबरानं पुसतो का? नाही. फेरफाराची नोंद पडते. क्रमांक पडतो, तारीख पडते, वारसानं की खरेदीनं ते कारण लिहिलं जातं. वीस वर्षांनी कुणीही जुना फेरफार काढून बघू शकतो. गिट म्हणजे तुमच्या फाईलींचं फेरफार रजिस्टर. वर्गातले निम्मे जण शेतकऱ्यांच्या घरचे. कुणाच्या घरी फेरफारावरून वाद झालेला, कुणी तलाठ्याकडे खेटे घातलेले. पुढचं मला फारसं सांगावंच लागलं नाही. मूळ आकडेवारीला हात लावायचा नाही, प्रत्येक दुरुस्ती प्रोग्राममधून करायची आणि कारण लिहायचं, हे त्यांनीच सांगितलं.

माझी मागणी छोटी आहे. सिनॉप्सिस सादर करताना विभागातल्या दुसऱ्या विद्यार्थ्यानं आपल्या संगणकावर सादर करणाऱ्याचा प्रोग्राम चालवावा आणि मुख्य तक्ता तसाच यावा. समितीनं एवढं बघावं. आणि गाईडनी विद्यार्थ्याला शिबिराला धाडताना स्वतःही शेजारी येऊन बसावं. आमच्या शिबिराला चाळीस विद्यार्थी होते, गाईड दोन.

संध्याकाळी सामान आवरत असताना त्या बाई पुन्हा आल्या. तालुक्यांचे संकेतांक भरून झाले होते, समीकरण पुन्हा चालवलं होतं. निकाल त्यांनी दाखवला नाही. दाखवली ती आयुष्यातली पहिली फेरफार नोंद, मराठीत टाइप केलेली: ‘कर्जत (अहिल्यानगर) येथील पाऊस दुरुस्त केला. आधी चुकून रायगडचा लागला होता.’