हत्ती लेण्यात की पुस्तकात?

मंडळी, आजचा विषय तसा माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेला माणूस, सगळी नोकरी खडू झिजवण्यात गेली. पण गेल्या दिवाळीत नातू पुण्याहून आला आणि त्याने असा वाद उकरून काढला की तो अजून डोक्यातून जात नाही. तेव्हा लिहूनच टाकतो.

नातू आणि त्याचे दोन मित्र आपल्याकडच्या शाळांसाठी ऑगमेंटेड रिॲलिटीचं ॲप करणार आहेत. म्हणजे काय, तर मोबाइलचा कॅमेरा समोर धरायचा, पडद्यावर समोरचं खरंखुरं टेबल दिसतं आणि त्यावर नसलेली वस्तू उभी असलेली दिसते. ती वस्तू जागच्या जागी राहायची तर आपण कुठे आहोत, किती वळलो, हे मोबाइलला सतत कळावं लागतं. याला ही पोरं ट्रॅकिंग म्हणतात. त्याच्या तऱ्हा अनेक. छापील चित्र ओळखून त्यावर वस्तू ठेवायची, किंवा चित्र नसताना जमीन-टेबल हेरून ठेवायची, किंवा जीपीएसवरून ठिकाण ओळखून त्या ठिकाणीच ठेवायची.

नातवाचा जीव तिसऱ्या तऱ्हेवर. अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यांत मोबाइल धरला की दगडी हत्ती चालायला लागणार! "आणि आबा, छापील चित्राची पद्धत आता फार जुनी झाली."

जुनी झाली म्हणे. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. फळासुद्धा जुनाच आहे की! जपानच्या हिरोकाझू कातो यांनी काळ्या चौकटीची छापील खूण ओळखणारं एआर टूलकिट १९९९ मध्ये केलं, हे त्यानेच मला सांगितलं. बरं, मग? वय हा दोष माझ्यासारख्या माणसाला तरी मोजता येत नाही.

आता जीपीएसचं बघा. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा मोबाइलचं जीपीएस साधारण पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, कातळाच्या आडोशाला आणखी जास्त. पाच मीटर सरकलेला हत्ती सरळ खांबात घुसायचा. यावर नातवाचं उत्तर तयार. आता रस्त्यांच्या फोटोंशी ताडून अचूक जागा कळते म्हणे. कुठल्या रस्त्यांच्या? गूगलने २०२२ मध्ये भारतात स्ट्रीट व्ह्यू सुरू केलं ते दहा शहरांत. त्यात शेजारचं अहमदनगर (तेव्हा नाव तेच होतं) होतं, बीड नव्हतं. मोठी गावं आधी, आपण मागाहून, हा क्रम मला तोंडपाठ आहे.

दुसरी तऱ्हा जमीन हेरायची. त्यासाठी मोबाइलला आपण किती वळलो हे सांगणारा जायरोस्कोप लागतो. स्वस्तातल्या पुष्कळ मोबाइलमध्ये तो नसतो. शिवाय उजेड हवा आणि जमीन अगदी गुळगुळीत नको. एका शाळेतलं प्रात्यक्षिक मी स्वतः पाहिलंय. चकचकीत फरशीवर मांडलेलं माणसाचं हृदय घसरत घसरत बाकाखाली गेलं. पोरं पोट धरून हसली. हृदयाला कप्पे किती, ते मात्र राहूनच गेलं.

पण माझा खरा राग फरशीवर नाही, जीपीएसवरही नाही. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली गावंच्या गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. हंगामी वसतिगृहं आहेत, आजी-आजोबा आहेत, तरी कितीतरी लेकरं आईबापाबरोबर फडावर जातातच. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरी मी वर्षानुवर्षं मांडली आहे. त्या लेकराला नातवाचा हत्ती दिसायचा कसा? हत्ती अंबाजोगाईला बांधून ठेवलेला! आणि जो अंबाजोगाईला जाऊ शकतो, त्याला खरा दगडी हत्ती समोर दिसतोच की. त्याला मोबाइलमधला कशाला हवा?

पुस्तक मात्र पेटीत घालून फडावर नेता येतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत ते फुकट मिळतं. कोपीसमोर बसून त्यातलं चित्र उघडलं की हत्ती तिथे यायला हवा. संध्याकाळी बाप तोड संपवून आला की घरातला एकुलता मोबाइल घटकाभर पोराच्या हाती येतो, तेवढ्यात. नुसत्या कॅमेऱ्यावर चालणारी छापील चित्राची तऱ्हा आहे, तिला जायरोस्कोप लागत नाही. टोळी निघायच्या आत शाळेतच ॲप मोबाइलवर उतरवून द्यायचं, चालवताना नेट मागायचं नाही. एवढं जमवा म्हणावं.

या तऱ्हेत खोटी नाही असं नाही. पान फाटलं, त्यावर उन्हाची तिरीप चमकली, चित्र कॅमेऱ्याबाहेर गेलं, की वस्तू गायब. "मग बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेतच, तेच वापरू," असं नातू म्हणाला. तेही तितकं सोपं नाही. क्यूआर कोड दार उघडायला उत्तम. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो धड्यांना जोडला, त्यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पण वस्तू धरून ठेवायला तो कच्चा. गूगलचीच सूचना आहे की क्यूआर कोड, बारकोड, बोधचिन्हं असलं काही घेऊ नका. बारकावे असलेलं, तेच तेच नक्षीकाम पुन्हा न येणारं चित्र हवं, आणि पहिल्यांदा ओळखताना त्याने कॅमेऱ्याची निदान चौथाई चौकट भरावी. म्हणजे पोराने पुस्तक जवळ घेऊन चित्राकडे नीट बघायला हवं. यात कुठल्या शिक्षकाची तक्रार असणार, सांगा!

(जाता जाता एक. पोकेमॉन गो हा खेळ ठिकाणावरच चालतो. २०१६ मध्ये प्रार्थनास्थळांत त्याची अंडी सापडतात म्हणून गुजरात उच्च न्यायालयात याचिका झाली होती. नातवाला हेही ऐकवलं. तो हसला. लेण्यात देव आहेत बाबा, म्हटलं.)

असो. जाताना त्याच्या पिशवीत पाचवीचं पुस्तक घातलंय. हत्ती कुठलाही कर, आधी यातलं पान निवड आणि कोयत्यावर जाणाऱ्या एखाद्या घरच्या मोबाइलवर ते चालवून दाखव, असं सांगितलंय. परवा फोन आला होता. पान अजून निवडलेलं नाही. लेण्यात मोबाइलला रेंज येते का, एवढंच विचारत होता.