एकाच तसबिरीखाली



निवडणूक आली की कुणीतरी विचारतेच, "घरातली सगळी मते एकाच निशाणीला ना?" आमच्या घरात तसे कधीच नव्हते.

वडील गिरणी कामगार. १९५२ साली त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या हत्तीला मत दिले, आणि पुढे एकही मतदान चुकवले नाही. १९७४ च्या जानेवारीत मध्य मुंबईची पोटनिवडणूक लागली. खेड्यापाड्यांतल्या अत्याचारांना दाद मिळत नाही, म्हणून दलित पँथरने बहिष्कार पुकारला. मी बावीस वर्षांचा, यादीत नाव नुकतेच आलेले, आणि मन सगळे पँथरकडे!

वडील म्हणाले, "बाबासाहेबांनी मिळवून दिलेलं मत फुकट घालवणार?"

मी म्हणालो, "बाबासाहेबांनीच लढायला शिकवलं ना?"

भिंतीवरच्या एकाच तसबिरीकडे बोट दाखवून दोघेही भांडत होतो. आईने ताटे वाढली, जेवले कुणीच नाही.

त्याच दिवसांत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल उसळली. दगड येऊ लागले त्या रात्री वडील काठी घेऊन माझ्याशेजारी दारात उभे राहिले. पोटनिवडणुकीचा विषय दोघांनीही काढला नाही. मतदानाच्या दिवशी मात्र ते धुतलेला सदरा घालून एकटेच गेले. मी घरी बसलो. आपले चुकले असे मला आजही वाटत नाही, पण त्यांची ती पाठमोरी चाल विसरत नाही.

२०२४ साली नातीने पहिले मत दिले. शाईचे बोट दाखवत आली. मी विचारले, "कुणाला दिलंस गं?"

"गुप्त असतं ते, आजोबा," म्हणाली, आणि ताटे घ्यायला आत गेली.